सहा काडतुसं आणि तोंडातलं पाणी

काडतुसं भरायला बसायचं तर आधी पाण्याचा एक घोट तोंडात घ्यायचा आणि शेवटचं काडतूस बंद होईपर्यंत तो गिळायचा नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. तो आजोबांनी घातलेला. फुलंब्रीकडच्या गावी मेंढरं आणि पिकं राखायला त्यांनी एकनळी बंदुकीचा परवाना काढला होता. बोलताना मापाचं भान सुटतं, म्हणून तोंडच बंद.

पुढे मेंढरं विकून आम्ही मुकुंदवाडीत राहायला आलो. परवाना आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर झाला. तीच बंदूक घेऊन ते नव्या वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला लागले. त्यांना जवळचं दिसेनासं झालं, तेव्हा वापरलेल्या पितळी काडतुसांत पुन्हा दारू आणि छर्रे भरायचं काम माझ्याकडे आलं. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. शिकणाऱ्याच्या हातून चूक होत नाही, असं आबांना खरंच वाटायचं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं होतं. आदल्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर कुणीतरी दगड मारले होते. गरज पडली तर हवेत एक बार काढा, असं साहेबांनी आबांना सांगितलं होतं. म्हणून मी सकाळीच भरायला बसलो. आबा आंघोळीला गेले होते. तीन काडतुसं झाली होती, चौथं हातात होतं, तेवढ्यात वर्गातला मित्र दारात आला.

"चारला नामांतरासाठी मोर्चा निघतोय. येतो का?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही.

"मुंडी काय हलवतो नंदीबैलासारखी? तोंडानं सांग ना यार. का गाववाल्यांचं भ्या वाटतं?"

गावातल्या बऱ्याच जणांना नामांतर नको होतं आणि मी कॉलेजात त्यावर कधी बोलत नसे, हे त्याला ठाऊक होतं. मी घोट गिळला आणि म्हणालो, "येतो."

तो गेला. मी हातातल्या काडतुसाकडे पाहिलं. यात दारू घातली होती की नव्हती? नसेल असं वाटलं, म्हणून एक माप घातलं, वर पुठ्ठ्याची चकती दाबली. दाबताना वाटलं, घातली होती. पितळी नळी खोल, दोन मापंही गुमान मावायची. मी ते उघडायला हवं होतं. पण न्हाणीचं दार वाजलं आणि मी पुढचं काडतूस उचललं. आबांनी सहाही काडतुसं पट्ट्यात खोवली, भाकर बांधून घेतली आणि दुपारपाळीला निघून गेले.

एकदा गावी दुप्पट दारूनं एकाची बंदूक फुटली होती. त्या माणसाचा हात मी लहानपणी पाहिला होता. अंगठा आणि दोन बोटं, बाकी काही नाही. पुस्तक उघडून बसलो तरी तो हातच समोर येई. रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली. लांब कुठंतरी ठो आवाज झाला. टायर असेल, पण मी उठलो. सायकल काढली. कारखान्यापर्यंत प्रत्येक वळणाला वाटत होतं, आता बार ऐकू येणार.

आबा फाटकाजवळच्या स्टुलावर बसले होते. दोन्ही हात जागेवर.

"आबा, चौथ्यात दारू दोनदा पडली असंल. मधीच बोललो मी."

त्यांनी मला शिवी दिली नाही. बंदुकीची नळी खाली वाकवून उघडली आणि आतलं काडतूस काढलं.

"ह्यातलं चौथं कोन्तं?"

"नाय सांगता येत."

शेजारी पाण्याचा ड्रम होता. एकेक करून त्यांनी सहाही त्यात सोडली.

"सगळीच? उघडून बघू की, आबा."

"कशापायी? तुला शंका आली न्हवं? बास झालं."

"आता कुणी आलं तर?"

"बंदूक तर दिसती. आत काय नाय, ते तुला न् मला ठावं." मग त्यांनी विचारलं, "कुनाशी बोललास?"

मी मित्राचं सांगितलं, मोर्चाचंही.

"मग काय म्हनलास त्याला?"

"येतो म्हनलं."

मोर्चाला मिळालो हे गावी कळलं तर काय होईल, ते आबांना माझ्याहून जास्त कळत होतं.

"येतो म्हनलास, तर जा. हितं उभा ऱ्हाऊ नको. तुझ्या तोंडाकडं बघूनच लोकांना कळंल, बंदूक रिकामी हाय म्हनून."

चार वाजायला आले होते. मी सायकलवर बसलो. वळून पाहिलं. रिकामी बंदूक मांडीवर घेऊन आबांनी तांब्या तोंडाला लावला होता. मग तांब्या खाली ठेवून ते रस्त्याकडे बघत बसले. त्यांचे गाल फुगलेलेच होते. घोट त्यांनी गिळला नव्हता.