चालू मशीनचं कार्ड

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरात एका खाण कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. रोज उमरेडहून एसटीनं यायची. कपाटाएवढं एक युनिक्स मशीन, त्याला जोडलेले आठ टर्मिनल, आणि त्यांवर खाणकामगारांच्या नोकरीच्या नोंदी भरणाऱ्या आम्ही बायका. मशीनची जबाबदारी माझ्याकडे होती.

एका दुपारी चार टर्मिनल एकदम गप्प झाले. मशीनच्या आतल्या ज्या सर्किटच्या कार्डाला ते जोडले होते, तेच गेलं होतं. नवं कार्ड स्टोअरमध्ये होतं. पण तासाभरात दिल्लीचे पाहुणे मशीन बघायला येणार होते.

"बंद करू नका. चालू मशीनमधूनच ओढून काढा," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. आधी बंद करावंच लागेल."

"दोन स्क्रू तर आहेत! सरका, मी काढतो."

मी मशीनच्या झाकणाला पाठ लावून उभी राहिले. अशाच घाईत जळालेलं कार्ड मी ट्रेनिंगमध्ये पाहिलं होतं. शिवाय उरलेल्या चार टर्मिनलांवर काम चालू होतं. एखाद्या कामगाराची वीस वर्षांची नोकरी पुसली गेली असती, तर त्याला काय सांगणार होतो?

शेजारच्या टर्मिनलवरची, कुही गावची माझी मैत्रीण कुजबुजली, "काहून अडून राहिली वं? काढू दे ना त्याईले."

"नाही काढू देत. बिघडलं तर मलेच विचारतीन."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मेमो देईन."

"द्या."

मग मी सगळ्यांना काम सेव्ह करून बाहेर पडायला सांगितलं. मशीन बंद करायची कमांड दिली. पडद्यावर 'आता वीज बंद करा' अशा अर्थाची ओळ येईपर्यंत थांबले; साहेब मागे येरझाऱ्या घालत होते. बटण बंद केलं, वायर काढली. अंगावरची स्थिर वीज उतरावी, कार्डाला झटका बसू नये म्हणून उघड्या लोखंडाला हात लावला, आणि कार्ड दोन्ही कडांना धरून सरळ बाहेर ओढलं. नवं बसवलं.

पाहुणे आले तेव्हा मशीन अजून सुरू होत होतं. ते चहा पीत थांबले. आठही टर्मिनल सुरू झाले, एकही नोंद गेली नव्हती.

मेमो तरीही आला. मी माफीपत्र लिहून द्यावं, असं साहेबांनी त्यात म्हटलं होतं. मी लिहिलं: "मशीन बंद केल्याशिवाय कार्ड काढणार नाही. पुढेही नाही." खाली सही केली. त्या वर्षी माझं प्रमोशन अडलं. घरी सगळे हळहळले. मी नाही.