पेत्रसकाकांना पाठवलेलं कबूतर

चहा घ्या आधी. कारण मी काय करून बसले होते ते ऐकल्यावर तुम्ही मला नावं ठेवणार, आणि चहा गार होणार.

लढाईचे दिवस होते. नगरच्या बाजारात नाताळची छापील कार्डं मिळेनाशी झाली होती. मी सतरा वर्षांची, शिक्षिका व्हायला निघालेली, आणि चित्रकलेत आपला हात कुणी धरू शकत नाही अशी माझी पक्की समजूत. घरात जाहीर करून टाकलं की यंदा कार्डं मी करणार. प्रत्येकावर शांतीचं कबूतर.

दादा शाळेत मास्तर होता. त्यानं जाड कागदाचे उरलेसुरले तुकडे आणून दिले. अर्धा बटाटा घेऊन मी त्यावर कबूतर कोरलं. रंग कुठले आणणार? पिवळा हळदीचा, निळा कपड्यांच्या निळीचा, तांबूस चहाच्या पाण्याचा आणि लाल म्हणजे दादाची पेपर तपासायची शाई. आकाशासाठी तर मी युक्तीच काढली होती. कागदावर कातरलेली चांदणी ठेवायची, बाबांचा बुटाचा जुना ब्रश निळीत बुडवून फणीवर घासायचा. बारीक तुषार उडतात. मग चांदणी उचलली की खाली पांढरी चांदणी. आई म्हणाली, कार्डापेक्षा भिंतच जास्त निळी झालीय. पण ती कौतुकानंच म्हणाली.

पहिली सात-आठ कबुतरं खरंच कबुतरं होती. शपथेवर सांगते.

पण बटाटा तो बटाटा. दुपारपर्यंत सुकायला लागला. मान आक्रसली, छाती पुढे आली, शेपटी वर उचलली गेली. मी सुरीनं थोडं इकडे तासलं, थोडं तिकडे तासलं. बिघडलेल्या गोष्टीला हात लावत राहिलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

शेवटचं कार्ड राहिलं पेत्रसकाकांचं. ते मी मुद्दामच मागे ठेवलं होतं. पेत्रसकाका म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतले मोठे असामी, मूळचे पारनेरकडचे. त्यांची शांता माझी मैत्रीण. पीक घरात आल्यावर देवळात हंगामाचा सण करतात, त्या सणाला आमच्याकडे चहा पिताना काकांनी आपणहून बाबांना शब्द दिला होता की शांता तुमच्या घरात देणार. दादा आणि शांता दोघंही मनातून खूश. आणि मग भिंगारच्या छावणीतल्या एका हेडक्लार्कचं स्थळ चालून आलं. सरकारी नोकरी, राहायला क्वार्टर. बाबांनी विचारलं तर काका म्हणाले, मी असं बोललोच नव्हतो. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, त्यांनी विचारलं, तेव्हाही तेच. पुढे देवळाच्या, म्हणजे चर्चच्याच, दारात चार लोकांनी विषय काढला, तिथंही त्यांनी कानावर हात ठेवले. शांता रडून रडून अर्धी झाली. दादा नुसता वह्या तपासत बसायचा.

अशा माणसाला मी कार्ड कशाला करू? पण आई म्हणाली, नाताळात कुणाला वगळायचं नसतं. म्हणून रागारागात तो वाळका बटाटा निळीत बुडवून कागदावर दाबला. चोच लाल करायला गेले तर शाई फुटली. थोडी वर डोक्यावर चढली, थोडी खाली गळ्याशी ओघळली. दुसरा कागद नव्हता. खाली सगळ्यांना लिहिलं होतं तेच लिहिलं, ‘आठवण असावी’, आणि कार्ड पोचतं केलं.

नाताळच्या सकाळी उपासनेला काका आपल्या नेहमीच्या पहिल्या बाकावर दिसले नाहीत. मागे दाराशी बसले होते, मान खाली घालून. उपासना सुटली, आम्ही घरी येऊन टेकतो न टेकतो तोच ते अंगणात उभे. हातात माझं कार्ड. मला वाटलं, रंग अंगरख्याला लागला म्हणून भांडायला आले.

बाबांना म्हणाले, “शमुवेलराव, मी तीनदा खोटं बोललो. मी मोजलं न्हवतं. तुमच्या पोरीनं मोजलं.”

कुणालाच काही कळेना. त्यांनी कार्ड पुढे केलं. बाबांनी पाहिलं, पाळकसाहेब शुभेच्छा द्यायला आले होते त्यांनी पाहिलं, आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाचा उंचावून पाहिलं. लाल तुरा, गळ्याखाली लोंबणारी लाल पाळी, उभी शेपटी. कोंबडा! आणि खाली माझ्याच अक्षरात ‘आठवण असावी’.

बायबलमधली ती गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. पेत्र नावाच्या शिष्यानं प्रभूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं, तेवढ्यात कोंबडा आरवला, आणि प्रभूनं हे आधीच सांगितलं होतं याची आठवण होऊन पेत्र ढसढसा रडला. आणि इथं काकांचं नावच पेत्रस!

मी तोंड उघडलं, “काका, ते खरं म्हणजे...”

आईनं माझा दंड असा दाबला की दोन दिवस वळ होता.

काका म्हणाले, “पोरी, बोलू नगं. बरोबर हाय तुजं. रातभर झोपलो न्हाई मी.” मग दादाकडे वळून म्हणाले, शांता तुमची. आणि या खेपेला पाळकांसमोर सांगतोय.

दादा घरात निघून गेला. डोळे पुसायला गेला असणार, पण त्यानं कधी कबूल केलं नाही.

आता मी काय करायला हवं होतं? खरं सांगायचं, की अहो, ते कबूतर आहे? आणि ठरलेलं लग्न मोडायचं? मी गप्प बसले. तेवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण लोक म्हणायला लागले, एवढीशी पोर, पण काय तिची हिंमत, काय तिची कला. महिनाभरात मलाच वाटायला लागलं की तो कोंबडा मी ठरवून काढला होता.

शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, जवळ आला तेव्हा पाळकसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, रविवारी मुलांच्या शब्बाथ शाळेत पेत्राची गोष्ट सांगायचीय, तुझा कोंबडा मोठा करून दे. मी हो म्हटलं. या वेळी बटाटा नको म्हणून ठसा कोरायला पांगाऱ्याचं मऊ लाकूड मिळवलं. शेजारणीचा कोंबडा समोर बांधून ठेवला. चार दिवस खपले. बोटं कापून घेतली. डोक्यावर लाल रंग जपून, ब्रशाच्या टोकानं भरला, इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

चित्र भिंतीवर लागलं. मुलं हा कोणता पक्षी म्हणून एकमेकांना विचारत होती, पाळकसाहेब मान तिरपी करून बघत होते. तेवढ्यात पेत्रसकाका आले. आता ते दादाचे होणारे सासरे. त्यांनी चष्मा चढवला, चित्राच्या अगदी जवळ गेले, बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. 

म्हणाले, “या खेपेला कबूतर काढलंस. लई बरं केलंस, पोरी.”

मी म्हटलं, “होय काका.”