आमच्यात अंडं चालत नाही

गेल्या आठवड्यात एका बारशाला मी कपकेक कागदासकट खाल्ला. अर्धा तोंडात गेल्यावर कळलं, पण समोर व्याही उभे – थुंकणार कुठं? चावत राहिलो. झालं असं, की यजमान कौतुकानं सांगत होते, केक गडमुडशिंगीच्या विलासच्या बेकरीतले आहेत म्हणून. ते नाव ऐकलं आणि हातातलं काय, तोंडातलं काय, भानच राहिलं नाही. बायको हसून हसून बेजार. मला हसू आलं नाही. का आलं नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगतो, पण जरा वळसे घेत. सरळ बोलायची धमक असती तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

विलास आणि मी एका गावचे, एका बाकावरचे. मी मराठा, तो बौद्ध. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं. शाळेत असताना आम्हाला त्याचं काही नव्हतं – निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगत आलो. त्याच्या आईच्या हातचं मटण खाऊन मी वाढलो. पांढरा रस्सा वाटीला तोंड लावून प्यायचो. ती वाटी पुन्हा भरायची.

पुढं मी बँकेत चिकटलो. तो पुण्याला एका बेकरीत कामाला लागला, काम शिकला आणि बऱ्याच वर्षांनी गावात परत येऊन त्यानं स्वतःची भट्टी टाकली. नेमका त्याच सुमारास माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. हॉल कोल्हापुरात. केक कापायचा, आणि पाहुण्यांना बॉक्स द्यायचे – पॅटीस, नानकटाई, केकचा तुकडा. बेकरी कुठली, हे काम माझ्याकडं.

विलासला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या कानावर गेलं आणि तो स्वतःच डबा घेऊन घरी आला. बायको बाजारात गेली होती. डब्यात नानकटाई होती, अजून कोमट.

"बाळ्या, ऑर्डर माझी. पोरगी माझ्या मांडीवर खेळलीया," तो म्हणाला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "गावात अजून लोक आमच्याकडनं वाढदिवसाचा केक न्यायला कचरत्यात. तुझ्या पावण्यांनी एकदा खाल्लं की झालं बघ. मग कोण न्हाय म्हणतंय?"

म्हणजे त्याला काय पाहिजे होतं, ते त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. मी नानकटाई खात होतो. चांगली होती – खोटं कशाला बोलू? पण खोटंच बोललो.

मी म्हणालो, "विलास, आमच्यात शुभकार्याला अंडं चालत नाही रे."

आता बघा. मी! ज्याचा रविवार मटणाच्या दुकानासमोर उजाडतो, तो. विलास आधी खो खो हसला. "तुमच्यात? अंडं?" मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "बरं. बिनअंड्याचा करतो की. त्यात काय!"

इथं तरी थांबायचं होतं. दार उघडं होतं. पण मी म्हणालो – "नको. माझी मुरगूडची आत्या हे असलं फार बघती रे. भट्टी तीच, भांडी तीच..."

भांडी. तो शब्द मी उच्चारला. ज्यानं त्याच्या घरची वाटी चाटून पुसून साफ केली होती, त्यानं.

"व्हय," विलास म्हणाला. "भांडी." त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि चहा न घेता गेला.

शहरातल्या एका बेकरीला ऑर्डर दिली. साखरपुड्याला विलास आला – बायकोला घेऊन, आहेर घेऊन. मी हात जोडून पुढं पुढं करत होतो. बॉक्स वाटले गेले. त्यानं उघडला, पॅटीस मोडलं. आत अर्धं अंडं.

ऑर्डर मीच दिली होती. जावईबापूंना अंडा पॅटीस आवडतं म्हणून. विलासला काय सांगितलंय, ते साफ विसरून गेलो होतो. आपल्याच खोट्याची एवढीही काळजी घेतली नाही मी.

त्यानं त्या अंड्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही. मग सावकाश ते सगळं पॅटीस खाल्लं आणि बायकोला म्हणाला, "चांगलं झालंय. खा."

अजून एक राहिलंय. आत्या काही म्हणालीच नव्हती. तिला मी विचारलंच नव्हतं. मुलाकडच्यांनी नाही, भावकीनं नाही – कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. कुणीतरी विचारेल, "कुठनं आणलंय?" आणि मला नाव सांगावं लागेल, मग समोरच्याचा हात बॉक्सवर थबकेल – हे सगळं माझ्याच डोक्यात चाललेलं. दुसऱ्याच्या डोक्यात असतं तर मी भांडलो असतो का? नाही. पण तेही नव्हतं. होतं ते माझंच. आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. विलासच्या लेखी ती अजून तसलीच म्हातारी आहे.

त्याची बेकरी चालली. माझ्यावाचून चालली. मध्ये एकदा धीर करून गेलो होतो. काउंटरवर तोच होता. "या पावणं," तो म्हणाला, "काय देऊ?" अनोळखी गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. बाळ्या नाही. मी पावशेर खारी घेतली आणि बाहेर पडलो.

बारशाहून आल्यावर बायकोला हे सगळं सांगितलं. ती साडीची घडी घालत होती. पूर्ण घातली, कपाटात ठेवली. मग म्हणाली, "विलासभावजींकडनं का नाही आणलं, असं मी तुम्हाला तेव्हा विचारलं नाही. का विचारलं नाही, ते आता तुम्ही मला विचारू नका."