पाहुण्याशी आईचा अबोला

दिवाळी संपली की आमच्या भागात खरा सण सुरू होतो, तो मंडईचा. आज या गावाला, उद्या त्या गावाला बाजार भरतो, दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ रंगतो, पाळणे लागतात आणि इतके पाहुणे येतात की स्वतःच्याच घरात स्वतःची चप्पल सापडत नाही. मंडईचं आणखी एक काम असतं, ते कोणी उघड बोलत नाही: सोयरिकी जमवणं. जिलेबी खाता खाता कोणाचा पोरगा लग्नाचा राहिला, कोणाची पोरगी कुठे नोकरीला लागली, याची पाहणी चालू असते. हे सगळं ठाऊक असूनही मी माझ्या गावच्या, सिहोऱ्याच्या मंडईला चाळिशी ओलांडलेला, सरकारी नोकरीतला, डोक्यावर सगळे केस शाबूत असलेला एक बिनलग्नाचा माणूस घेऊन गेलो.

तो साताऱ्याकडचा, बदलीवर नागपूरला आलेला. आमचं प्रेम उन्हाळ्यातलं, म्हणजे तसं ताजंच, आणि ही आमची पहिली सुटी. लोक गोव्याला जातात. याला मात्र घर बघायचं होतं. त्याने स्वतःच्या घरी खरं काय ते सांगितल्यापासून तिथलं दार त्याला बंद होतं.

"तुझ्या आईला मी आवडलो पाहिजे," असं तो भंडाऱ्याच्या स्टँडवर म्हणाला, तुमसरच्या एसटीत म्हणाला आणि गावच्या वेशीवरही म्हणाला.

"आवडशील," मी म्हटलं. "पण मित्र म्हणून आलास, मित्र म्हणूनच परत जायचं. आपण नाटक करू."

नाटकाची हौस मला लहानपणापासून. आईचं पातळ नेसून मी अंगणात दंडार करायचो, ही गोष्ट तिने त्याला पोचल्या पोचल्या सांगितली. तो चुलीपाशी पाट घेऊन बसला तो उठेचना. तिला त्याच्या "ओ काकू"ची गंमत वाटे, त्याला तिच्या बोलण्याची.

"घे न रे बापा, लाजून काहून राहिला? तुह्या गावात पोटभर खात नाई का?" म्हणत ती लाखोरीच्या डाळीचे वडे त्याच्या ताटात टाकत राही. मी, तिचा सख्खा मुलगा, हात पुढे केला की म्हणे, "तू थांब. पाहुणा जेवू दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडईत हातात हात घालून फिरलो. अगदी उघड! आमच्याकडे दोन बाप्ये हात धरून चालले तर कोणी वळूनही बघत नाही. नवरा-बायकोने धरला तर सगळा बाजार थांबेल. पाळण्यात त्याने डोळे घट्ट मिटले आणि माझा दंड पकडला. खाली उतरल्यावरही सोडला नाही. मी फार खुशीत होतो. शिंगाडे घेतले आणि घरी आलो.

ओसरीवर अड्याळची आत्या बसली होती. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं.

"माह्या दिराची पोरगी हाय," तिने सरळच सुरुवात केली. "भंडाऱ्याले नर्स हाय. वय झालं, पण वयानं तर हेही काही लहान नाईत. उद्या बोलावून घेतो."

"नको, नको," तो घाबरून म्हणाला. "माझं ठरलंय."

"कोणासंग?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. आई दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. एरवी माझं तोंड बंद राहत नाही. तेव्हा मी शिंगाडा सोलत बसलो. मग त्याचा चेहरा इतका उतरला की माझ्याच्याने राहवलं नाही.

"माह्यासंग," मी म्हटलं.

आत्या खदखदून हसली. "तुहं तं सदाचंच! पन्नाशीले आला, पण नाटक्याचा नाटक्याच राहिला."

आई हसली नाही. तिने सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर ओढला आणि आत गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. दुपारी जेवायला बसलो तर भिंतीआडून वहिनीला म्हणाली, "त्यायले विचार, भात वाढू का." त्याचा पाट चुलीपाशी नव्हता, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. काल तो स्टीलच्या पेल्याने माठातलं पाणी पीत होता, आज त्याच्यापुढे घासून चकचकीत केलेला पितळी तांब्या आला. तो समोर आला की ती बाजेवरून उठे आणि पाठ फिरवून उभी राही.

"परकं केलं मला त्यांनी," तो म्हणाला आणि पिशवी भरायला लागला. "सकाळच्या गाडीने जातो. तू राहा."

"मीही येतो," मी म्हटलं. नाटक करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वहिनी दोरीवरचे कपडे काढायला आली, तिने पिशवी पाहिली. "काहून हो भाऊजी, कुठं निघाले?"

"आई रागावली आहे."

"आई रागावल्या का भांडे आपटतेत. आज आपटले?"

नव्हते आपटले.

"मंग? डोक्यावर पदर, पितळी तांब्या, पाहुण्याशी बोलणं बंद. या घरात असं कोणासमोर करतेत हो त्या? तुमच्या बहिणीचं लग्न झाल्यापासून पाहून नाई राहिले का तुम्ही?"

मी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. आमच्या जावईबापूंशी आई आजवर एक वाक्य सरळ बोललेली नाही. सासूने जावयासमोर डोकं उघडं ठेवायचं नाही, बसून राहायचं नाही, नाव घ्यायचं नाही. हा मान असतो. गावात वाढलेल्या मला तो ओळखता आला नाही. सातारकराला कुठून येणार!

त्याला समजावून सांगितलं. तो आधी हसला, मग डोळे पुसले, आणि मग चक्क रुसला. "म्हणजे आता त्या माझ्याशी कधीच बोलणार नाहीत? असला मान नको मला."

तो तडक स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आईने पाठ फिरवली.

"काकू, सुनेशी बोलता का हो तुम्ही?"

"काय म्हणून राहिले ते?" आईने भिंतीला विचारलं.

वहिनी तोंडात पदर कोंबून उभी होती. "म्हणतेत, जवाई नाई, सून व्हतो. चला, मले एकदाची जाऊ भेटली!"

आईचे खांदे हलले. आधी मला वाटलं रडते आहे. मग तिने पदर मागे सारला, पायाने पाट त्याच्याकडे सरकवला.

"सून व्हाची हौस हाय का? मंग बस. हा कांदा चिर. बारीक चिर, तुह्या घरवाल्यावानी लाकडं नोको फोडू."

तो बसला. त्याने विळी पुढे ओढली. मग तिने वडा उलटवत विचारलं, "तुह्या मायले माहीत हाय?"

"आहे. म्हणून तर घरी जात नाही."

आईने कढईत आणखी वडे सोडले. वडे काढून झाले, तेव्हा म्हणाली, "दिवाळीले इथं येत जाय. अन् हे एवढे मोठे तुकडे कोण खाईन? पुन्हा चिर."