‘वाढ नाही’ असं मी लिहिलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. शाहीनला तर — नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.

शाहीन आणि मी विद्यापीठात एकाच टेबलावर संशोधन केलं. काम एकच — जंतूंना उपाशी ठेवायचं आणि ते काय करतात ते पाहायचं. काय करतात? मरत नाहीत. अन्न तुटलं की त्यांच्या आत धोक्याची वर्दी देणारं एक रसायन तयार होतं, आणि डीएनएची नवी नक्कल सुरूच होत नाही. हातात घेतलेली तेवढी पुरी करतात आणि गप्प बसतात. शाहीन म्हणायची, यांचा रोजा चालूय. आम्ही हसायचो. पण मला त्या गप्प बसण्याची तेव्हाही भीती वाटायची. बरीचशी औषधं वाढणाऱ्या जंतूला मारतात. जो थांबूनच राहिलाय त्याचं काय बिघडवणार?

म्हणजे मला सगळं माहीत होतं. अडाणीपणातून झालं, असं म्हणायची सोय नाही.

पुढं ती कॉलेजात शिकवायला लागली आणि मी औरंगपुऱ्यातल्या एका तपासणी लॅबमध्ये लागले. तिच्या अब्बांचा गुडघा बदललेला होता, आत धातूचा. तो सुजला. गोळ्यांनी सूज उतरली, पण त्यांचं पोट पार बिघडलं, दोन घास जाईनात. डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढलं, आणि ते तपासायला शाहीन माझ्याकडंच घेऊन आली. असलं पाणी बशांत पसरून उबेत ठेवतात, जंतू असले तर उगवून दिसतात. नसतील तर गोळ्या थांबतील, एवढीच तिची आशा. जाताना म्हणाली, "लई दिवस ठेव गं बशा. धातूला चिकटून बसलेले उशिरा उठतात. तुला काय सांगायचं म्हणा."

तुला काय सांगायचं म्हणते, आणि सांगते. मला राग आला — खरंच आला.

बशा चांगल्या दोन आठवडे ठेवायच्या होत्या. दोन-तीन दिवसांत काही उगवलं नाही. उन्हाळा होता, टायफॉइडचे नमुने ढिगानं येत होते, बशा उबेत ठेवायच्या इनक्युबेटरमध्ये बोट शिरायला जागा नव्हती. मी तिच्या बशा काढल्या. मुदत भरल्यावर लिहिलं — दोन आठवड्यांत वाढ नाही. तिनं फोनवर विचारलं, "पूर्ण दिवस ठेवल्यास ना?" मी म्हटलं, "व्हय गं, ठेवल्या." जीभ जरासुद्धा अडखळली नाही. का नाही अडखळली?

गोळ्या बंद झाल्या. अब्बा पोटभर जेवायला लागले. शाहीननं खुशीनं मला बिर्याणीचा डबा पाठवला, तो मी खाल्ला. आणि गुडघ्यात कुणीतरी थांबलेलं होतं.

अब्बांना ताप आला तो उतरेचना. विष रक्तात गेलं. जीव वाचवायला पाय मांडीतून काढावा लागला. त्या बशांत जंतू उगवले असते का? कदाचित. कदाचित नाही. आता कळायला मार्गच नाही, कारण मीच त्या वाफेत उकळून फेकल्या.

पण हे एवढंच असतं तर मी कदाचित सांगून टाकलं असतं. हॉस्पिटलच्या जिन्यात शाहीन मला म्हणाली, "डॉक्टर अजून महिनाभर द्या म्हणत होते. मीच तुझा रिपोर्ट पुढं करून गोळ्या बंद करायला लावल्या. मीच केलं हे." तोंड उघडायची वेळ तीच होती, नाही का? मी उघडलंही. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. होतं असं." आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

ती अजून तेच धरून बसलीय. मी ऐकून घेते.

मागं एकदा भेटली तेव्हा चेहरा जरा मोकळा वाटला. म्हणाली, अब्बांनी मला माफ केलं.

मी म्हटलं, बरं झालं.