बायको गेल्याचं गाणं

ज्या सकाळी बायको घर सोडून गेली, त्या सकाळी मी बायको घर सोडून गेल्याचं गाणं बसवत होतो. धाराशिवातल्या आमच्या रॉक बँडचा गायक मीच आणि गिटारवालाही मीच. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांचं एक जुनं ब्लूज गाणं आम्ही आमच्या पद्धतीनं करत होतो, आणि आठ महिने झाले तरी माझ्या रडण्यात काही दम येत नव्हता. ती बॅग घेऊन समोरून गेली, काहीतरी म्हणालीही. मी हातानंच थांब म्हटलं, कारण तेव्हा कुठं सूर लागत होता. दुपारी भूक लागली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं ईटला, सासुरवाडीला गेलो. सोबत गिटार का नेली, ते मला आजही सांगता येणार नाही. सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, ओसरीवर भजनी मंडळाची तालीम चालली होती. मामांनी मला शेजारी बसवलं आणि पाणी दिलं.

"वाद्य आणलंच हाय, तर म्हणा एखादं," ते म्हणाले.

मी तेच बायको गेल्याचं गाणं धरलं. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात. मंडळाला वाटलं, आपण उचलायची. पखवाज, टाळ आणि अकरा म्हातारे इंग्रजीत सांगू लागले की बायको गेली, बायको गेली. मी दुसऱ्या ओळीवर गेलो की ते मला ओढून पहिलीवर आणत. आमच्या बँडला ते गाणं इतकं चांगलं कधीच जमलं नव्हतं, आणि मला त्याचा भयंकर राग आला.

गाणं कसंबसं थांबल्यावर मामांनी टाळ खाली ठेवले. "आता निरूपण." त्यांच्या मंडळात अर्थ सांगितल्याशिवाय पद पुरं होत नाही.

मी सांगितलं, "माणूस सकाळी उठतो. बायको निघून गेलेली असते. तो रडतो."

"मग आणायला जातो का न्हाय?" पखवाजवाले आजोबा म्हणाले.

"नाही. गाणं म्हणतो."

"लईच येडा हाय की." साऱ्यांनी माना डोलावल्या. "पर ती गेली कशापायी?"

मी सगळी कडवी मनातल्या मनात चाळली. "ते गाण्यात नाही."

माजघराच्या दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "गाण्यात नसंल," ती म्हणाली, "तुम्हाला तरी ठावं हाय का?"

सगळं मंडळ माझ्याकडं बघायला लागलं. काहीतरी ठोकून द्यावं असं फार वाटलं. मला लाज वाटली.

"नाही," मी म्हणालो.

"मग ऐका." तिनं ट्रे खाली ठेवला आणि मंडळाच्या मधोमध बसून सांगायला लागली. चहा निवला, कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळानं मामांनी हळूच विचारलं, "मग जायचं का पोरी, ह्यांच्यासंगं? गाडीचा टाइम झाला."

"अजून संपलं न्हाय," ती म्हणाली.

गाडी गेली. मी मांडी घालून तसाच ऐकत बसलो.