हुकूम कोणाचा?

"मी तहसीलदार बोलतेय. तो हुकूम खोटा आहे. डोंडी द्या आणि वरात सोडा."

"असान तुम्ही तहसीलदार," मी म्हणालो. "पण फोनवर तं कोणीबी तहसीलदार होते."

आणि फोन ठेवला.

कोतवालकीचं माझं ते शेवटचं वर्ष. डोंडी म्हणजे डफडं वाजवून सरकारी हुकूम गावाला सांगणं. शाळा चौथीपर्यंत, पण डोंडीत मला कोणी शिकवायचं नाही. तिचा कायदा एकच. आधी हुकूम कोणाचा ते नाव घ्यायचं, मग हुकूम सांगायचा. आणि नाव घ्यायचं तर तो हुकूम त्या माणसाच्याच तोंडून, समोरासमोर ऐकलेला पाहिजे. डफडंही सरकारी. वरातीत ते मी जन्मात वाजवलं नाही. पोरं मागे लागायची, मी हाकलून द्यायचो.

झालं असं होतं. सीमेवर तणावाचे दिवस. आमच्या गावच्या रामाजीच्या पोरीचं, वर्षाचं, लग्न गोरजावर. मांडव पडला, वांग्याची भाजी चुलीवर चढली, आणि आर्वीहून निघालेली वरात केळझरला गणपतीच्या दर्शनाला थांबली ती तिथंच बसली. नवरदेवाचे वडील देवरावजी. त्यांच्या मोबाईलवर सरकारी शिक्क्याचा कागद आला होता. शत्रूचा हवाई हल्ला होणार, दिवे लावू नका, लग्नं पुढे ढकला, नाहीतर अटक. बँडवाले तर तो शिक्का पाहूनच पळाले.

रामाजीनं मला गाडीवर बसवून केळझरला आणलं. रस्ताभर एकच बोलत होता, "पोरगी हळद लावून बसून हाये, कोतवाल." पोचताच त्यानं तहसीलदार मॅडमना फोन लावून माझ्या हातात दिला, तोच मी ठेवला.

देवरावजी ऐकेनात. "शिक्का हाये ना यावर! बाशिंग बांधलेल्या पोराले हातकडी घालू काय?"

"फोनातल्या शिक्क्याले शाई लागते काय?" मी म्हणालो. "मोबाईलवर कोणीबी शिक्का उमटवते."

"अन् तुमची तहसीलदार? ते बी मोबाईलवरचीच हाये ना!"

माणूस आडमुठा, पण बोलला बरोबर. मी फोन ठेवला होता तो म्हणूनच. तेवढ्यात रामाजीच्या फोनवर मॅडम परत आल्या. "व्हिडिओ कॉल करते, चेहरा बघा माझा."

"चेहराबी बनवते म्हणे आता कम्प्युटर."

"मग काय, मी स्वतः येऊ?"

"या."

रामाजीनं कपाळावर हात मारला. "काऊन असं करून राह्यले जी तुम्ही? मुहूर्त जाईन ना!" खरं सांगतो, सूर्य उतरायला लागला तसा मीही आतून हललो. पण बोललो ते बोललो.

तहसीलची जीप आली. मॅडम उतरल्या त्या तापलेल्याच. "कोतवाल तुम्हीच?"

"हो. फोनवरच्या बाई तुम्हीच काय?"

"मीच! आधी माझा फोन आपटलात, मग इथवर पळवलंत."

"मंग सांगा आता. सगळ्यायसमोर."

देवरावजी फसकन हसले. मॅडमनाही हसू आवरेना. त्यांनी खणखणीत सांगितलं आणि मी डफड्यावर टिपरी मारली. "ऐका हो! तहसीलदार मॅडमचा हुकूम! मोबाईलवरला कागद खोटा हाये, लग्न आजच लागन!"

मग मॅडमनी समजावलं. सायबर पोलीस म्हणत होते, हा कागद परदेशातून सोडला आहे. नुसती नावं बदलून तो गावोगाव फिरतोय. हेही युद्धच. बॉम्ब टाकायचा नाही, बातमी टाकायची. दिवे माणसं आपल्याच हातानं विझवतात.

गावाच्या वेशीवर वरात उतरली, पण मुकी. बँड नाही. रामाजीनं आग्रहानं जेवायला बोलावलेल्या मॅडमही मागे होत्या.

"कोतवाल, वाजवा ना बापा!" देवरावजी म्हणाले.

"सरकारी हाये. वरातीत नाई वाजत."

"वाजवा," मॅडम म्हणाल्या.

"हुकूम कोणाचा?"

"माझा. समोर उभी राहून देतेय."

नाइलाज झाला. असं वाजवलं की देवरावजींचा फेटा नाचता नाचता दोनदा सुटला. वर्षाचं लग्न गोरजावरच लागलं आणि मांडवातला एकेक दिवा पेटला.

हुकूम मानायला माझी कधीच ना नव्हती. देणारा समोर पाहिजे, एवढंच.